हातांची विद्या

युद्धात भानुदास रेणक्यांची बोटं गेली, पण संबळवादन डोक्यात शाबूत होतं. ते येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुनर्वसन केंद्रातल्या डॉक्टर केतकी म्हणाल्या, "बाबा, तुमची विद्या यंत्रानं दुसऱ्याला देता येईल. तुमच्याकडून मात्र ती कायमची जाईल. आणि मेंदू जुळणारा एकच माणूस मिळालाय. कैदी आहे. तुमचं गाव जाळणाऱ्या तुकडीतला."

त्या आगीत भानुदासांचा मुलगा खंडू गेला होता.

"मग आगीची आठवणही काढून घ्या."

"ती निघत नाही, बाबा. फक्त हातांचं निघतं."

देवीचा गोंधळ कायमचा बंद पडू नये म्हणून भानुदासांनी होकार दिला.

नव्यानं वसलेल्या गावाच्या पहिल्या जत्रेत कैद्यानं संबळ वाजवायला घेतलं आणि माणसं रडली, नाचली, एकमेकांच्या गळ्यात पडली. सरपंच ओरडले, "याला आता गावातच ठेवून घ्यायचं!" विद्येबरोबर तालाची जाणही गेलेल्या भानुदासांना तो संबळ नुसता गोंगाट वाटत होता.

वादन संपल्यावर कैदी त्यांच्या पायांशी वाकला. "गुरुजी, आशीर्वाद द्या."

सारं गाव बघत होतं. भानुदासांनी थोटा पंजा त्याच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या थांबेचनात.