निपाणीकर

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून उपासनानं फोन उघडला. 'बलदंड बाया' या ग्रुपवर तिचा नवा फोटो लागून तीन दिवस झाले होते. खाली चारशेवर प्रतिक्रिया होत्या. निपाणीकरांची एकही नव्हती.

आत तिचे आप्पा तीन दिवस निपचित पडून होते. सोमवारी सकाळी निपाणीच्या घरी त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि तिच्या भावानं, भीमरत्ननं, त्यांना तसंच बेळगावला आणलं.

त्या ग्रुपची तिला सुरुवातीला किळस यायची. पिळदार अंगाच्या बायकांचे नऊ हजार चाहते. कुणी दंडाचं माप विचारायचं, कुणी मला उचलून दाखव म्हणायचं, कुणी सरळ लग्नाची मागणी घालायचं. पण स्पर्धांच्या बातम्या तिथंच आधी कळायच्या, आणि बेळगावच्या टिळकवाडीत ती ज्या जिममध्ये शिकवायची तिथं पोरी यायच्या त्याही हे फोटो बघूनच.

'निपाणीकर' एवढंच नाव लावणारे ते गृहस्थ मात्र त्यातले नव्हते. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, पूर्णविराम देऊन लिहायचे. 'पाठीची तयारी उत्तम. डावा खांदा किंचित मागे पडतो, लक्ष द्यावे.' पदक हुकलं तेव्हा, 'खचू नये. झोप पुरेशी घ्यावी.' एकदा तिनं खाजगीत विचारलं, तुम्ही कोण? उत्तर आलं, 'जवळचाच समजावे. नाव कशाला हवे?'

आता तिनं मागं जात जात त्यांची पहिली प्रतिक्रिया शोधली. तारीख बघितली. आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं, त्यानंतर बरोब्बर दोन महिन्यांची ती तारीख होती.

आप्पा म्हणजे भीमसेन मास्तर. त्यांचे आईबाप तंबाखूच्या वखारीत राबले. ते शिकले, मराठीचे मास्तर झाले, पोरांना शिकवलं. चार वर्षांपूर्वी उपासनाला शरीरसौष्ठवाच्या राज्यस्पर्धेत रौप्यपदक मिळालं. पेपरात फोटो आला, अंगावर दोन बोटांचे कपडे, तेलानं चकाकणारे स्नायू. आप्पांनी आवाज न चढवता विचारलं होतं,

"माझ्या आईच्या अंगावर मुकादमाची नजर असायची. तुला शिकवलं ते कुणी तसं बघू नये म्हणून. तू आपणहून उभी राहिलीस?"

"कुणाच्या धाकानं न्हाय उभी राहिले आप्पा. माझ्या अंगाची मी मालक हाय."

त्यानंतर शब्द नाही. चौदा एप्रिलला ती घरी जायची. ती उंबऱ्यात दिसली की आप्पा पेपर तोंडापुढं धरायचे.

आणि सोमवारपासून निपाणीकर गप्प होते.

ती उठून आत गेली. आप्पांचे डोळे उघडे होते. त्यांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "आप्पा, मला कळलंय. निपाणीकर तुम्हीच हायसा. बोलला न्हाईसा तरी चालतंय आता."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात डोळे आपोआप पाझरतात. तिनं ते कानाआड केलं. आप्पांचा सुजलेला हात उचलून तिनं आपल्या दंडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून बसली.

चौथ्या दिवशी आप्पा गेले.

निपाणीत अंत्ययात्रा निघताना तिनं पुढं होऊन तिरडीला खांदा दिला. चुलता आण्णाप्पा अडवायला आला. बायकांनी कशाला, माणसं हायत की, म्हणाला. उपासना सरळ बोलली, "आप्पांची मर्जी मला ठावं हाय." आण्णाप्पा बाजूला झाला. स्मशानापर्यंत तिनं खांदा बदलला नाही.

पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं, आप्पा चार वर्षं नाव लपवून तिला कसं धीर देत होते ते. म्हातारी माणसं डोळे पुसत राहिली. आण्णाप्पानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आप्पांचा फोन कुलूपबंद होता, भीमरत्न म्हणाला, दुकानात नेऊन उघडून आणतो. ती नको म्हणाली. जे त्यांनी झाकून ठेवलं, ते झाकलेलंच राहू दे.

आईला, यल्लव्वाला, वाचता येत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं लेकीच्या हातातला फोन घेऊन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "चार वर्सं मी तुमा दोघांच्या मधी पिचले गं. आन् ह्यो मानूस गुपचूप तुज्यासंगं बोलत हुता व्हय?" आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं उरकली की यल्लव्वा लेकीजवळ येऊन बसायची. 'तुज्या आप्पांचं वाच' म्हणायची. उपासना एकेक प्रतिक्रिया वाचायची. आई मान डोलवायची, काही वाक्यं पुन्हा वाचायला लावायची. त्या आठवड्यात तिच्या पोटात नीट अन्न जाऊ लागलं. उपासनालाही रात्रीची झोप लागू लागली. बेळगावला परत जायचा दिवस तिनं पुढं ढकलला.

एका दुपारी ती आईला जुनी प्रतिक्रिया वाचून दाखवत होती, तोच पडद्यावर निपाणीकरांच्या नावानं नवीन अक्षरं उमटली. ती मधेच थांबली.

"काय गं?" यल्लव्वा म्हणाली. "काय म्हंत्यात? वाच की."

'उपासनाताई, पंधरा दिवस येणे झाले नाही, क्षमा असावी. मोतीबिंदू काढला, डॉक्टरांनी फोन पाहण्यास मनाई केली होती. आपला फोटो आजच पाहिला. फार सुंदर तयारी. घरी वडिलांना जरूर दाखवावा.'