घाट उतरण्याआधी

"दाबा. आता धरून ठेवा," मागच्या चाकाशी आडवी पडलेली मालन म्हणाली.

गाडीत बसलेल्या जयसिंगने सुजलेला पाय ब्रेकवर रेटला. वीस वर्षं गॅरेज चालवलेला तिचा नवरा, पण आता पाना त्याच्या हातात ठरत नव्हता. परवाचं डायलिसिस चुकलं होतं. आजचं अकराला होतं, घाटाखाली. रुग्णवाहिका संध्याकाळशिवाय येणार नव्हती आणि त्यांच्या गाडीच्या ब्रेकमध्ये हवा शिरून पेडल तळाला जात होतं.

मालनने चाकामागचा, हवा काढायचा निपल पान्याने सैल केला. त्याला लावलेल्या नळीतून तेलाबरोबर बुडबुडे आले.

"आधी आवळ, मग मला सोडायला सांग," तो धापा टाकत म्हणाला. "नाहीतर हवा परत आत शिरेल."

तीन चाकं झाली. चौथ्याला निपल उघडा असतानाच त्याचा पाय घसरला. हवा पुन्हा आत गेली. डब्यात ब्रेक ऑइल जेमतेम बोटभर उरलं होतं.

"राहू दे, मालन. माझ्यानं नाही होत."

ती उठली. त्याचा पाय तिने पेडलवर ठेवला आणि त्याचे दोन्ही हात त्याच्याच गुडघ्यावर. "हातांनी रेटा," ती म्हणाली आणि पुन्हा चाकाशी जाऊन पडली.

काही वेळाने नळीतून नितळ तेल आलं. तिने निपल आवळला. त्याने दाबून पाहिलं. ब्रेक निम्म्यावरच घट्ट लागला.

मालनने घाटात कधी गाडी चालवली नव्हती. त्याला शेजारी सरकवून ती स्टीअरिंगवर बसली. फाटकापाशी तिने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

जयसिंगने पट्टा ओढून लावून घेतला.

"दुसऱ्या गिअरलाच ठेव," तो म्हणाला. "मी सांगत जाईन."