अकरा वर्षांची गार

"पंखा फिरतोय का?" मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

दुरुस्तीवाला फ्रीझरमागे वाकून टॉर्च मारत होता. दारात उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंना पंखा फिरायला नको होता.

फ्रीझरमध्ये मटार नव्हते, आइस्क्रीम नव्हतं. एकच डबा होता आणि त्यात एक गार. अकरा वर्षांपूर्वीच्या गारपिटीत अंगणात पडलेली, चांगली मोसंब्याएवढी. जन्मभर भूगोल शिकवलेल्या मास्तरांनी ती उचलून तिच्यासाठी वेगळा फ्रीझर घेतला. तेव्हापासून घरी आलेल्याला आधी गार दाखवायची, मग पाणी विचारायचं. मुलीला बघायला आलेली मंडळीसुद्धा त्यातून सुटली नाहीत.

आता कुणा जुन्या विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात हवामान खात्याला कळवलं होतं. उद्या सकाळी तिथले साहेब येणार, गार मधोमध कापणार आणि आतले कांद्यासारखे पापुद्रे मोजणार. पत्र आल्यापासून मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मास्तरीणबाईंच्याही. चार वर्षांपूर्वी मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. बाईंनी पुसायला म्हणून फ्रीझर बंद केला आणि चालू करायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसतं पाणी. त्यांनी नातीच्या फुटक्या चेंडूत पाणी भरून गोठवलं. मास्तर घरी आले, डबा उघडून "जशीच्या तशी!" म्हणाले. खरं सांगायची वेळ तेव्हा जी गेली ती गेलीच.

उद्या सुरी फिरणार आणि आत एकही पापुद्रा निघणार नाही. ज्या माणसाने उभ्या नोकरीत कुणाची कॉपी खपवून घेतली नाही, तो चारचौघांत लबाड ठरणार. त्यापेक्षा वितळलेली बरी. म्हणून आज सकाळी बाईंनी उलथन्याच्या दांड्याने झाकणाचं रबर एका कोपऱ्यात उचकटून ठेवलं होतं. मध्येच जावयाने परस्पर हा दुरुस्तीवाला धाडला. जावयाचा उत्साह नेहमी असाच अवेळी.

शेजारीण म्हणाली होती, "आमच्या फ्रीझरमध्ये ठेवा की!"

"मासळीचा वास लागेल," मास्तर म्हणाले. बर्फाला कसला वास? पण नवऱ्याच्या हेकटपणाचे बाईंनी लग्नानंतर प्रथमच आभार मानले.

"काकू, रबर निसटलंय." दुरुस्तीवाल्याने ते अंगठ्याने दाबून बसवलं. "पण एवढ्याने मशीन बंद नाही पडत." त्याने मागची जाळी काढली. "हं. ही बघा, वायर तुटलीय."

"उंदीर," मास्तर लगेच म्हणाले.

"काका, उंदीर कुरतडतो. ही कापलीय. तुमच्या उंदराकडे पक्कड आहे की काय?"

मास्तरीणबाई चक्रावल्या. वायरीला त्यांनी हातही लावला नव्हता.

"पाच मिनिटांत जोडतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "गार अजून फारशी वितळलेली नाही. संध्याकाळपर्यंत दगड होईल."

"वा, वा," मास्तर म्हणाले. आनंदाने त्यांचा आवाज कापतोय असं बाईंना वाटलं. "अगं, यांना चहा टाक ना."

बाई स्वयंपाकघरात गेल्या, आधण ठेवलं आणि ओट्याला टेकल्या. आताच बाहेर जावं, सगळं सांगून टाकावं. साहेबांच्या सुरीने कळण्यापेक्षा बायकोच्या तोंडून कळलेलं बरं. पदराने डोळे टिपून त्या दारापर्यंत आल्या आणि पलीकडची कुजबुज ऐकून जागच्या जागी थबकल्या.

"जोडू नका हो, पाया पडतो," मास्तर म्हणत होते. "पार्ट मिळत नाही म्हणून सांगा. खरी गार पहिल्याच उन्हाळ्यात वितळली, ही मी घरी गोठवलेली आहे. साहेब काय, हसतील आणि जातील. पण हिने ती अकरा वर्षं जिवापाड सांभाळलीय, हिला काय तोंड दाखवू?"