तिसऱ्या भागाचा शेवट

अन्सार सर माइकसमोर उभे राहिले आणि प्रेमदास खुर्चीच्या कडेला सरकला. पहिल्याच रांगेत त्याची आई, पारुबाई, पदर सावरून बसली होती. त्याच्या कादंबरीच्या तिसऱ्या भागाचं प्रकाशन होतं. आखाडा बाळापूरच्या वाचनालयात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, असं आजवर कधी झालं नव्हतं. पण त्याचं सुख प्रेमदासला कुठलं? त्याला एकच धास्ती होती. सर आता पुस्तकाचा शेवट सांगून टाकणार.

सर हिंगोलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांनी एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करायचं म्हणजे भल्याभल्यांची बिनपाण्यानं हजामत. पुस्तक कसं आहे ते ते सांगतच, शेवटी काय होतं तेही सांगत. वाचकाची उत्सुकता वगैरे लाड त्यांना मंजूर नव्हते. शेवटाचं तेवढं बोलू नका, हे सांगायला प्रेमदास सकाळपासून त्यांच्या मागेमागे फिरला. तोंडातून निघालं ते एवढंच, "सर, चहा घेता का?"

शाळेतली मास्तरकी सांभाळून त्यानं जादूगारांची ही कादंबरी तीन भागांत लिहिली होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि मंत्र लादून मुलूख पालथा घालणारा जादूगारांचा तांडा, आणि त्यातले दोन भाऊ. पहिल्या भागात धाकटा धुक्यात शिरला तो परत आलाच नाही. दुसऱ्या भागात थोरला त्याला शोधत वणवण फिरला. पोरं म्हणाली, काय डोकं चालवलंय मास्तरांनी! प्रेमदासच्या बंजारा तांड्यावरच्या माणसांना मात्र खरं ते ठाऊक होतं. प्रेमदासचा धाकटा भाऊ रतनसिंग बाळापूरच्या रस्त्यावर एका ट्रकमध्ये बसला, त्याला दहा-अकरा वर्षं झाली. गेला तो गेलाच. मेला असं कुणी सांगितलं नाही, जिता आहे असंही नाही.

पारुबाईला वाचता येत नव्हतं. सून वाचायची आणि ती ऐकायची. दुसरा भाग संपला तेव्हा तिनं विचारलं होतं, "पुढच्या बुकात येतो ना रे त्यो?"

तिसऱ्या भागात तो येत नव्हता. एसटी थांबल्याचा आवाज आला की आई दाराकडे बघायची, आणि तिच्याकडे बघून बघून प्रेमदास थकला होता. कुणीतरी एकदाचं तिला सांगायला हवं, हे त्याला पटलं होतं. तोंडानं सांगायची छाती नव्हती, म्हणून त्यानं ते लिहून टाकलं. तिसऱ्या भागाच्या शेवटी दारावर थाप पडते, त्या दोन भावांची म्हातारी आई दार उघडते, आणि बाहेरचा वाटसरू तिच्या हातात धाकट्याचं पागोटं ठेवतो. पुढची सगळी पानं सुतकाची. छापायला देऊन झाल्यावर त्याला कळलं, हे आईला आधी घरात जवळ बसवून ऐकवायला हवं होतं. आता तेच सर माइकवरून ऐकवणार होते, भरल्या सभेत.

"या पुस्तकाचा मधला भाग पसरट आहे," सर म्हणाले. "मंत्र तर फारच लांब. एवढा मंत्र म्हणून होईपर्यंत राक्षस जेवून झोपी जाईल."

हशा पिकला. प्रेमदासही कसनुसा हसला.

"आता शेवटाबद्दल."

प्रेमदासनं खाली पाहिलं. माइकची वायर त्याच्या पायाशीच होती. ओढून टाकावी का, असंही मनात येऊन गेलं.

"खरं सांगतो, या लेखकाकडून मला एवढ्या हिमतीची अपेक्षा नव्हती," सर म्हणाले. "दारावर थाप पडते. म्हातारी उठते. बस्स, पुस्तक संपलं! बाहेर कोण आहे ते लेखक सांगत नाही. दार अजून बंदच आहे. पहिल्या दोन भागांपेक्षा हा तिसरा भाग मोठा ठरतो, तो या एका जागेमुळे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेमदास चक्रावून हातातली प्रत उलटू लागला. शेवटच्या पानाची शेवटची ओळ होती, 'म्हातारी उठली.' त्यापुढे थेट पुठ्ठा. छापखानेवाल्या देविदासनं समारंभापुरत्या थोड्याच प्रती घाईघाईत बांधल्या होत्या, त्यातलीच एक परस्पर सरांना पोचवली होती. त्या घाईत शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या सोळा पानांची घडी, शिवायचीच राहून गेली होती. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या देविदासचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सभा मोडली. पारुबाईनं गर्दीतून वाट काढत येऊन लेकाचा हात धरला.

"मला लई भ्याव वाटून राहिलं व्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, तू मारूनच टाकतो का काय त्याला."

आईची भीती आपण छापून ठेवली होती, या विचारानं प्रेमदासला स्वतःची शरम वाटली. "न्हाई, याडी," एवढंच तो कसाबसा बोलला. पारुबाई डोळे पुसत बायांमध्ये जाऊन बसली.

ती दूर जाण्याचीच वाट बघत असल्यासारखा देविदास पुढं आला. त्यानं हात जोडले.

"मास्तर, माफी करा. लई मोठी चूक झाली. बाकीची पुस्तकं अजून बांधायची हायत, त्याच्यात तो फर्मा बराबर लावतो. ह्याबी उसवून नव्यानं शिवून देतो."

"एकाबी पुस्तकात लावू नका."

"अवो, मग दाराशी कोण आलं ते वाचणाऱ्याला कसं कळल?"

प्रेमदासनं बायांत बसलेल्या आईकडे पाहिलं.

"ते मला तरी कुठं ठावं हाय, देविदासभाऊ?"