अर्धा सूर खाली

"तुमची बास गिटार उतरलीय. चांगला एक स्वर खाली आहे," बदली गिटारवाली म्हणाली.

दुपारचे चार. तळघरातल्या बारची फरशी नुकतीच पुसलेली, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या. बँडचा नेहमीचा गिटारवाला पाठ धरून घरी पडलेला, म्हणून शाळेत संगीत शिकवणाऱ्या या बाईंना बोलावलं होतं. बाई सूर तपासायचं यंत्र बरोबर घेऊनच आल्या होत्या.

बासवाल्याने ड्रमरकडे पाहिलं. ड्रमरला एकाएकी स्क्रू आवळायची आठवण झाली.

"जरा हळू बोला," बासवाला म्हणाला. "तुम्हीच तारा सैल करा ना."

"का?"

कारण गाणारा त्याचा थोरला भाऊ होता. शेवटच्या रॉक गाण्यातली त्याची उंच किंकाळी ऐकायलाच लोक यायचे. पाच वर्षांपूर्वी ती फाटायला लागली, तेव्हा पट्टी खाली यावी म्हणून बँडमधल्या सगळ्यांनी गुपचूप तारा अर्धा सूर सैल केल्या. मग आणखी अर्धा. दादाला पत्ता लागू दिला नाही. "आवाज तसाच आहे बघा माझा," असं दादा येईल त्याला सांगायचा आणि हे सगळे माना डोलवायचे. लबाडीच ती. पण दादाकडून गाणं काढून घेतलं असतं तर त्याच्याजवळ उरलं काय असतं?

हे सगळं बाईंना सांगायला वेळच मिळाला नाही. कठडा धरत, एकेक पायरी मोजत दादा खाली आला. माइकसमोर उभा राहिला.

"चला. शेवटचंच घेऊ आधी."

त्या गाण्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत साथीला नुसती गिटार. बाईंनी मूळ पट्टीत वाजवलं. दादा गायला. किंकाळीपाशी आला आणि आवाज मध्येच तुटला. खोकला तेवढा बाहेर पडला.

बासवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माइक गेलाय, दादा," तो म्हणाला.

दादा पाणी प्यायला. स्पीकरवर बसला, गुडघे चोळले.

"बाई, तारा सैल करा. यांच्याइतक्या." मग जरा थांबून म्हणाला, "नको. यांच्याहूनही अर्धा सूर खाली घ्या. वर्षभर वाट बघतोय मी. यांना धीर होत नाही, आणि मला सगळं ठाऊक आहे असं मी सांगितलं तर यांना वाईट वाटेल."