रेश्माचा हात

रेश्माचा हात ठरावाच्या बाजूनेही वर गेला नव्हता आणि विरोधातही नाही. तो मांडीवर, पदराखाली, घामेजून पडला होता. दोन्हीकडची मतं सारखी झाली होती. नगराध्यक्ष आबासाहेबांनी चष्मा काढला, सभागृहभर नजर फिरवली आणि ती तिच्यावर आणून थांबवली.

“रेश्माताई, तुमचा हात कुठाय?”

मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

विषय कागदावर मोठा सभ्य होता. मुख्याधिकाऱ्यांच्या वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन. आत मजकूर एवढाच, की काम असमाधानकारक आहे, सबब शासनाने त्यांची बदली करावी. कारण काय, तर गावाला पाणी पाचव्या दिवशी येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या या लहानशा गावाला वर्षानुवर्षं पाणी पाचव्या दिवशीच येत होतं, तेव्हा कुणाचं मूल्यमापन करावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. खरं दुखणं निराळं होतं. मुख्याधिकारी अनीश देशमाने रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी हुकूम काढला, नगरसेविकांच्या नवऱ्यांनी सभागृहात बसायचं नाही. तेव्हापासून नवरेमंडळी बाहेर कडुलिंबाखाली ताटकळत होती. गावभर मिरवायचं आणि सभेच्या दिवशी बायकोच्या चपला राखायच्या, हे कुणाला पचणार?

त्यांत सगळ्यात पुढे रेश्माचा नवरा, युवराज. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून त्याने तिला उभं केलं होतं. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा, तिचा कोपऱ्यात. निवडून आल्यावर तिच्या खुर्चीत तोच बसायचा, ती सह्यांपुरती. हुकूम निघाल्यावर ती पहिल्यांदा एकटी आत आली. दोन सभा गप्प बसली. तिसऱ्या सभेत उठून म्हणाली, आठवडी बाजारात भाजी विकायला येणाऱ्या बायकांना आडोसा नाही. देशमाने साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रेश्माताई, जागा तुम्हीच दाखवा.” आता तिथे पक्कं स्वच्छतागृह आहे. बाजाराच्या दिवशी बायका तिला हाक मारून थांबवतात. लग्न होऊन या गावात आल्यापासून युवराजची बायको, उत्कर्षाची आई एवढंच ती ऐकत आली होती. तिचं नाव लोकांच्या तोंडी पहिल्यांदाच आलं होतं आणि ते तिला फार आवडलं होतं.

आज सकाळी शेंगाचटणी आणि भाकरी खाऊन युवराजने हात धुतले, तिच्या कमरेची घराची किल्ली काढली आणि आपल्या खिशात टाकली.

“ठरावाला हात वर केलास की परत मिळंल. न्हायतर तिकडनंच जेऊरला जायचं, बापाच्या दारात. पोरगी हितंच ऱ्हाईल.”

त्यानंतर उत्कर्षाची वेणी घालताना रेश्माने ती उगाच दोनदा सोडली आणि पुन्हा घातली.

“वर कर की बाई हात,” शेजारच्या बजाबाई कुजबुजल्या. “माज्या पोरानं सांगितलं, मी केला. लई इचार करायचा नसतो.”

रेश्माने साहेबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. खिडकीच्या गजांपलीकडे युवराज उभा होता. त्याने स्वतःचा हात वर करून दाखवला, बालवाडीतल्या पोरांना दाखवतात तसा.

रेश्मा उठून उभी राहिली.

“मी ठरावाच्या विरोधात हाय,” ती म्हणाली. “माझ्या मनानं. तसं लिहून घ्या.”

ठराव पडला. बजाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

सभा संपली. पायऱ्या उतरताना रेश्माला आतून फार हलकं वाटत होतं. जेऊर तर जेऊर. पोरीसाठी भांडू, कोर्टात जाऊ, काय व्हायचं ते होवो. आयुष्यात एक गोष्ट तरी तिने स्वतःच्या मनाने केली होती आणि ती आता कुणाला पुसता येणार नव्हती.

कडुलिंबाखाली युवराज एकटाच उभा होता. बाकीचे नवरे त्याच्यापासून चार हात लांब सरकले होते. रागाने त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. ती सरळ त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

मागून भरभर पावलं वाजली. देशमाने साहेब येत होते. आभार मानतील, तिला वाटलं. काय उत्तर द्यायचं तेही तिने ठरवून टाकलं, तुम्ही काम केलंत साहेब, म्हणून.

साहेब तिच्या बाजूने पुढे गेले आणि त्यांनी युवराजचा हात दोन्ही हातांत धरला.

“युवराजराव, मानलं तुम्हाला! एवढं सगळं होऊनही तुम्ही वहिनींना माझ्या बाजूने मत द्यायला लावलंत.”

युवराज बावचळला. त्याने साहेबांकडे पाहिलं, लांब सरकलेल्या मंडळींकडे पाहिलं, मग रेश्माकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“व्हय साहेब. भांडण भांडणाच्या जागी. पण चांगल्या माणसाला कसं जाऊ द्यायचं? म्हटलं, रेश्मे, ऊठ आन् बोल.”

त्याचा उजवा हात साहेबांच्या हातात होता. डाव्या हाताने त्याने खिशातली किल्ली काढली आणि तिच्याकडे न बघताच पुढे केली. रेश्माने ती घेतली. घ्यायला नको होती, असं तिला लगेच वाटलं, पण तोवर मूठ मिटली होती.

“आणि हो,” साहेब म्हणाले, “पुढच्या सभेपासून असं उन्हात उभं राहायचं नाही. आत वहिनींच्या शेजारीच तुमची खुर्ची टाकायला सांगतो.”