काचेपलीकडचं गाणं

“काका, हे दार बंद केल्यावर गाणं ऐकू येतं का?”

दुकानदार काकांनी चष्मा कपाळावर चढवला. शॉवरचं दार घ्यायला येणारी माणसं ठरलेलं विचारायची. पाणी बाहेर येईल का, काच फुटेल का, डाग पडतील का. गाण्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

खरं तर ही पैज होती. दुकानात जाऊन सरळ चेहऱ्याने हे विचारून दाखव, असं मैत्रिणींनी त्या शाळकरी मुलीला डिवचलं होतं. वर्षभरापूर्वी ती असल्या पैजेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज घशातच अडकायचा. आता मात्र तो साऱ्या बिल्डिंगला पाठ होता. सकाळी त्यांच्या घरात शॉवर सुरू झाला की तिचं गाणं सुरू व्हायचं, ते थेट शॉवर बंद होईपर्यंत. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणायचे, “पोरी, तुझ्या गाण्यावर मी चहा टाकतो. फक्त कडवं बदलत जा गं मधूनमधून.”

“बाथरूम सिंगर काय?” काका हसले. “ऐकू येतं की. सरकत्या दाराला वर फट असते. शेजाऱ्यांची काही सुटका नाही.”

“वाचले,” ती म्हणाली.

बाबा रात्रपाळी करून तसेच आले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. आल्या आल्या त्यांनी आईसाठी खुर्ची ओढली आणि मग एकेक दार सरकवून बघत सुटले. काकांनी पाणी पुढे केलं. आईने त्याच घोटाबरोबर पर्समधली गोळी घेतली.

“आत उघडणारं अजिबात नको,” बाबा म्हणाले. “बाहेर उघडणारंही नको. तिथे स्टूल असतं.”

“शॉवरपाशी स्टूल?”

“टॉवेल ठेवायला,” आई चटकन म्हणाली.

“आणि आधीच्या दाराचं काय झालं?”

बाबांनी उगाच एका काचेवरून बोट फिरवलं. “तोडलं मी. गेल्या वर्षी. आत पडल्यावर अंगानेच दार अडलं. बाहेरून ढकललं जाईना.”

तेव्हापासून तिथे नुसता प्लास्टिकचा पडदा होता.

काकांनी मुलीकडे पाहिलं. “फार लागलं होतं का गं?”

“दाराचं हाड मोडलं, काका. ते काही वाचलं नाही.”

काका खो खो हसले. आईनेही हसून कपाळावर ओढलेले केस सारखे केले.

शेवटी दोन दारं उरली. एक स्वच्छ काचेचं, आरपार दिसणारं. दुसरं धुरकट.

“हे आरपारचं द्या,” बाबा म्हणाले. “कडी नको.”

“धुरकट,” आई म्हणाली. “आणि आतून कडी हवी.”

“कडी?”

“हो, कडी. तिचं वय बघा जरा. या वयात मोकळीक नको का पोरीला? असं किती दिवस चालायचं?”

“मोकळीक मलाही द्यायचीय गं. पण हाका मारून मारून माझा घसा बसला होता, आतून ओ येत नव्हती. विसरलीस?”

“मी कशी विसरेन?” आईचा आवाज खाली आला. “पण तिची रोजची तालीम बुडतेय. या बाथरूमपायी.”

ते मात्र खरं होतं. शाळेच्या गाण्यात यंदा सोलो तिला मिळाला होता. तालीम शाळेच्या आधी, भल्या सकाळी. ती धापा टाकत पोचायची तेव्हा बाई पेटी मिटत असायच्या. “आटपली का आंघोळ बाईसाहेबांची?” मैत्रिणी ओरडायच्या, आणि ती नुसती हसायची. परवा बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, सोमवारपासून वेळेवर ये, नाहीतर सोलो दुसरीला द्यावा लागेल. तो सोलो ती झोपेतसुद्धा गुणगुणत होती. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तिला तिच्या आवाजामुळे मिळाली होती.

“दार वापरायचं त्यालाच विचारा ना,” काका समजुतीने म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बाबा आईकडे बघत होते. आई तिच्याकडे.

ती पुढे झाली. “आई, जरा आत उभी राहा. लांबून कसं दिसतं ते बघू.”

आई धुरकट काचेआड गेली. मुलीने बाहेरून दार सरकवलं. कसलाच आवाज न करता ते बंद झालं. आईचा चेहरा गेला, हात गेले. ड्रेसचा निळा रंग तेवढा धुक्यासारखा उरला.

“ऐकू येतंय?” तिने हळूच विचारलं.

“हं.”

एवढंसंच, पण स्पष्ट. ती काचेसमोर तशीच उभी राहिली. सोलोची पहिली ओळ ओठांवर आली होती, ती तिने गिळली.

“ठरलं माझं,” ती बाबांकडे वळून म्हणाली. “धुरकटच घ्या. तिला कुणी बघत राहायला नको. पण कडी नाही. आणि तो सोलो मी सोडतेय, उद्या बाईंना सांगणार आहे.”

“अगं, तुझा सोलो सुटू नये म्हणूनच तर कडी मागतेय ना मी,” काचेआडून आईचा आवाज आला.

“मी रोजच्यासारखी बाहेर स्टुलावर बसून गाईन, आई. तू आंघोळ करता करता मधूनमधून फक्त ‘हं’ म्हणत जा.”